चाकावर ठेवलेला हात

गोष्ट २०१९ सालची. लंडनच्या दक्षिणेला सरे नावाच्या परगण्यात सेंड येथे स्त्रियांचा तुरुंग आहे. त्या तुरुंगात त्या वर्षी एक पाहुणी मुक्कामाला आली. वय चारशे वर्षांचे, उंची जेमतेम सव्वादोन फूट आणि किंमत छत्तीस लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तीस कोटी रुपयांहून अधिक. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०१८ मध्ये विकत घेतलेले ते एक तैलचित्र होते. मोठी संग्रहालये अशी चित्रे काचेआड ठेवतात, परदेशी पाठवायची झाली तर करारांच्या चळती रचतात. या चित्राला मात्र गॅलरीने गावोगाव धाडले. ग्लासगोच्या स्त्रियांच्या ग्रंथालयात ते राहिले, न्यूकॅसलच्या मुलींच्या शाळेत राहिले, यॉर्कशरमधल्या एका लहान गावच्या दवाखान्यात राहिले आणि मग या तुरुंगात.

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या बाईला, वर्गातल्या मुलीला आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला एकच चित्र का दाखवावेसे वाटले असेल? ते संताचे चित्र आहे म्हणून? युरोपातल्या चर्चमध्ये संतांच्या चित्रांना तोटा नाही. ते एका स्त्रीने काढलेले आहे, हे एक कारण झाले. नॅशनल गॅलरीच्या तेवीसशेहून अधिक चित्रांत स्त्रियांनी काढलेली चित्रे तेव्हा विसाच्या आसपास होती. पण खरे कारण चित्रातच आहे. ते समजून घ्यायचे तर आधी चित्रासमोर थोडे उभे राहावे लागेल.

चित्राचे नाव ‘अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या रूपातील आत्मचित्र’. चित्रकर्तीचे नाव आर्तेमिसिया जेंतिलेस्की. काळ साधारण १६१५ ते १६१७. स्थळ इटलीतले फ्लॉरेन्स. पाठीमागे काळोख आहे. ना देऊळ, ना डोंगर, ना पडदा. त्या काळोखातून एक तरुण बाई पुढे आली आहे आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, मनगटावर पडला आहे. अंगाने भरलेली, गालांची, दणकट बांध्याची बाई. डोक्याला वस्त्र गुंडाळले आहे, त्यावर मुकुट आहे आणि त्यामागे बारीक रेघेसारखी प्रभावळ. प्रभावळ काढून टाकली तर ही एखाद्या खटल्याच्या घरची थोरली सून वाटेल. उजवा हात छातीशी आहे आणि त्यात चिमटीत धरलेली खजुरीची झावळी. डावा हात मोडक्या चाकावर टेकला आहे. लाकडी चाक, त्याच्या कडेला लोखंडी खिळे. आणि ती आपल्याकडे पाहते आहे. वर आकाशाकडे नाही, खाली जमिनीकडे नाही. सरळ आपल्याकडे.

त्या नजरेत रडू नाही, राग नाही आणि विनवणीही नाही. जे घडले ते मी सांगितले आहे, आता तुम्ही काय ते ठरवा, असे काहीतरी त्या नजरेत आहे.

आता ही कॅथरीन कोण? कथा अशी सांगतात. चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरीत राजघराण्यातली एक मुलगी होती. रूपाने देखणी, विद्येत त्याहून सरस. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. ही अठरा वर्षांची मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तुझे चुकते आहे, असे म्हणाली. सम्राटाने तिला गप्प करण्यासाठी पन्नास पंडित बोलावले. वाद झाला आणि पन्नासच्या पन्नास पंडित हरले. हरलेच नाहीत, तर तिच्या बाजूचे झाले. शब्दांनी जिंकता येईना तेव्हा सम्राटाने यंत्र आणवले. खिळ्यांचे चाक, माणसाला बांधून फिरवायचे. कथा सांगते की तिचा स्पर्श होताच चाक मोडून पडले. मग तिचा शिरच्छेद केला. देवदूतांनी तिचे शरीर सिनाय पर्वतावर नेले, अशीही श्रद्धा आहे. त्या पर्वताच्या पायथ्याशी सहाव्या शतकात बांधलेला मठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

हे सारे खरोखर घडले का? इतिहासाला पुरावा मिळालेला नाही. पुराव्याअभावी रोमच्या चर्चने १९६९ साली तिचा दिवस आपल्या सार्वत्रिक पंचांगातून वगळला होता आणि २००२ मध्ये तो परत आणला. पण लोकांनी तिला कधी सोडले नाही. विद्यार्थ्यांनी तिला आपली मानली, तत्त्वज्ञांनी मानली, अविवाहित मुलींनी मानली आणि चाके बनवणाऱ्या सुतारांनीही मानली. आपल्याकडे दिवाळीत उडवतात त्या भुईचक्राच्या जातीच्या फिरत्या दारूकामाला इंग्रजीत आजही कॅथरीनचे चाक म्हणतात. ज्या यंत्राने तिला मारायचे होते, त्याचे पोरांनी खेळणे करून टाकले.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे. अशा संतांना युरोपीय भाषांत ‘मार्टर’ म्हणतात. मराठीत आपण ‘हुतात्मा’ म्हणतो. आपल्या शब्दात अग्नी आहे, आहुती आहे, स्वतःला अर्पण करणे आहे. मुंबईतल्या हुतात्मा चौकावरून जाताना आपल्याला तेच आठवते. पण ‘मार्टर’ हा शब्द मूळ ग्रीक, आणि त्याचा साधा अर्थ आहे साक्षीदार. जो पाहिलेले, मानलेले सत्य बोलतो आणि प्राणावर बेतले तरी शब्द मागे घेत नाही, तो मार्टर. गंमत अशी की आपण सहज वापरतो तो ‘शहीद’ हा शब्दही अरबीत साक्षीच्याच धातूपासून आला आहे. दोन वेगवेगळ्या भाषांना एकच गोष्ट दिसली. मरण हा पुढचा भाग झाला, आधी साक्ष.

हा अर्थ मनात ठेवला की चित्रातल्या बाईची नजर उलगडू लागते. कारण हे चित्र काढणारी बाई चित्रकार म्हणून जगाला ठाऊक होण्याआधी एका खटल्यात साक्षीदार म्हणून उभी राहिली होती.

आर्तेमिसियाचा जन्म रोममध्ये ८ जुलै १५९३ रोजी झाला. वडील ओराझिओ जेंतिलेस्की नाणावलेले चित्रकार, काराव्हाज्जोच्या मित्रमंडळातले. काराव्हाज्जोने अंधार आणि उजेड यांची जी नवी रीत आणली, ती ओराझिओने उचलली आणि मुलीने ती घरातच पाहिली. बारा वर्षांची असताना आई गेली. धाकटी भावंडे पदरात आली. मुलीने बाहेर शिकायला जायची सोय नव्हतीच. पण घरातच कारखाना होता. रंग घोटायचे, कापड ताणायचे, तेल मिसळायचे, वडिलांच्या हाताकडे पाहायचे. सतराव्या वर्षी, १६१० मध्ये, तिने ‘सुझाना आणि वृद्ध’ हे चित्र सही करून पुरे केले. स्नानाला बसलेली तरुण स्त्री आणि तिच्या अंगावर ओणवलेले दोन म्हातारे, असा तो बायबलच्या परंपरेतला प्रसंग. तो प्रसंग अनेक पुरुष चित्रकारांनी चवीने रंगवला होता. आर्तेमिसियाची सुझाना किळसेने अंग चोरते. मुलीचा हात तयार झाला होता.

ओराझिओबरोबर काम करणारा एक चित्रकार होता, अगोस्तिनो तास्सी. चित्रात इमारतींची खोली आणि अंतर दाखवण्यात वाकबगार. घरी येणेजाणे होते. मे १६११ मध्ये, आर्तेमिसियाला अठरावे सरायचे होते, तेव्हा तास्सीने तिच्यावर बलात्कार केला. मग लग्नाचे वचन दिले. त्या काळी, आणि केवळ त्याच काळी नव्हे, अशा प्रकरणावर समाज एकच तोडगा जाणत होता. ज्याने नासवले त्यानेच पदरात घ्यावे. वचन लांबत गेले. तास्सीला आधीच बायको होती. १६१२ च्या आरंभी ओराझिओने पोपकडे फिर्याद केली. फिर्याद वडिलांची, कारण कायद्याच्या दृष्टीने नुकसान झाले ते घराण्याच्या अब्रूचे. मुलगी ही त्या अब्रूचा पुरावा.

खटला सात महिने चालला. त्याची कागदपत्रे रोमच्या सरकारी दप्तरखान्यात शाबूत आहेत, आणि २०२० मध्ये नॅशनल गॅलरीने आर्तेमिसियाचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा मूळ दप्तर तिच्या चित्रांसोबत मांडले होते. त्या कागदांतून दिसते की सुइणींनी तिच्या शरीराची तपासणी केली आणि कारकुनाने ती नोंदवून घेतली. तास्सीच्या बाजूच्या साक्षीदारांनी तिच्या चालीवर शिंतोडे उडवले. आणि मे महिन्यात तो दिवस आला. तास्सीच्या समोर तिला उभे केले गेले. तिची साक्ष खरी की खोटी हे ठरवण्यासाठी न्यायाधीशाने ‘सिबिल्ले’ लावायचा हुकूम दिला.

सिबिल्ले म्हणजे बोटांभोवती गुंडाळायच्या दोऱ्या. गुंडाळायच्या आणि आवळत जायच्या. जिच्या शीलावर एकदा बोट ठेवले गेले, तिचा शब्द वेदनेतून गाळून घेतल्याशिवाय ग्राह्य नाही, अशी त्या न्यायाची समजूत होती. त्या दिवशी दोऱ्या साक्षीदाराच्या बोटांना होत्या आणि आरोपी समोर उभा राहून पाहत होता. ही बोटे चित्रकाराची आहेत, हे त्या दालनात सगळ्यांना ठाऊक होते. दोरी आवळली जात असताना ती एकच सांगत राहिली, की मी बोलले ते खरे आहे, खरे आहे. आणि तास्सीकडे वळून म्हणाली की हीच ती अंगठी जी तू मला देणार होतास, आणि हीच तुझी वचने.

अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडचे हे बोलणे कारकुनाने लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. उपरोध करायलाही धीर लागतो. यातना होत असताना तो करायला किती लागत असेल!

नोव्हेंबर १६१२ मध्ये तास्सी दोषी ठरला. पाच वर्षे सक्तमजुरी की रोममधून हद्दपारी, अशी निवड त्याला दिली. त्याने हद्दपारी घेतली आणि ती जवळपास कागदावरच राहिली. थोड्याच काळात तो रोममध्ये पुन्हा कामे करू लागला. निकालानंतर लगेच आर्तेमिसियाचे लग्न फ्लॉरेन्सच्या पिएरांतोनियो स्तियात्तेसी याच्याशी लावून दिले. नव्या वर्षात ती नवऱ्यासह फ्लॉरेन्सला गेली. जिंकलेली मुलगी गाव सोडून गेली आणि हरलेला पुरुष गावातच राहिला. ही ओळ लिहिताना चारशे वर्षांचे अंतर फारसे जाणवत नाही.

फ्लॉरेन्समध्ये तिने नव्याने आरंभ केला. लिहायला-वाचायला ती खऱ्या अर्थाने इथेच शिकली. काही वर्षांत चार-पाच मुले झाली, त्यांतली एक मुलगी सोडून सगळी लहानपणीच गेली. नवरा खर्चिक, कर्जे वाढती. या सगळ्या धबडग्यात ती रंगवत राहिली. थोर मायकलअँजेलोच्या पुतण्याच्या मुलाने आपल्या वाड्याच्या छतासाठी तिच्याकडून चित्र करून घेतले आणि तिथल्या इतर चित्रकारांपेक्षा तिला अधिक मोबदला दिला. ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो मेदिची याच्या दरबारात तिला मान मिळाला, गॅलिलिओशी ओळख झाली. १६१६ साली फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने तिला सभासद करून घेतले. अकादमी स्थापन होऊन अर्धशतक उलटले होते आणि हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

याच दिवसांत तिने कॅथरीन रंगवली, आणि कॅथरीनला स्वतःचा चेहरा दिला.

त्या काळच्या हुतात्मा-चित्रांची रीत लक्षात घेतली तर तिने काय केले ते ठळक होते. प्रोटेस्टंट बंडानंतर रोमच्या चर्चने ठरवले की चित्रांनी भाविकाला हलवले पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या सांतो स्तेफानो रोतोंदो या गोल चर्चच्या भिंतींवर हुतात्म्यांच्या छळाचे प्रसंग ओळीने रंगवले गेले. कुणाला उकळत्या कढईत टाकले आहे, कुणाची कातडी सोलली जाते आहे. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, असाच हेतू होता. पुढच्या बरोक चित्रकारांनी त्यात अंधार-उजेडाचे नाट्य भरले. मानेवर येणारी तलवार, पाठीमागे खेचलेले हात, वर वळलेले डोळे.

आर्तेमिसियाला रक्त रंगवता येत नव्हते असे नाही. तिच्या ‘ज्युडिथ’ चित्रात सेनापतीची मान कापली जाते तेव्हा गादीवर ओघळणारे रक्त पाहून आजही माणसे नजर वळवतात. पण कॅथरीनच्या चित्रात तिने रक्ताचा थेंब येऊ दिला नाही. छळ करणारा नाही, सम्राट नाही, जल्लाद नाही. यातनेचा क्षण टळून गेला आहे. उरले आहे ते मोडके चाक. आणि ते बाईला बांधलेले नाही, बाईने त्यावर हात टेकला आहे, जसा आपण काम झाल्यावर ओट्यावर टेकतो. हातातली झावळी ही मुळात रोमन विजेत्याची खूण, ती ख्रिस्ती लोकांनी हुतात्म्याच्या हाती दिली. चिमटीत धरलेल्या त्या झावळीकडे आणि खिळ्यांच्या शेजारी निवांत पडलेल्या त्या बोटांकडे, दोऱ्यांची गोष्ट वाचून झाल्यावर पुन्हा पाहावे. चित्र तेच असते, पाहणारा बदललेला असतो.

मात्र इथे स्वतःला थोडे आवरायला हवे. आर्तेमिसियाचे प्रत्येक चित्र त्या एका मे महिन्याशी जोडायची आपल्याला फार घाई असते. तो तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल. स्वतःचा चेहरा वापरण्याला व्यवहाराची कारणेही होती. आरशाला मजुरी द्यावी लागत नाही. शिवाय चित्र काढणारी देखणी बाई हे फ्लॉरेन्समध्ये नवल होते आणि तिने काढलेले तिचेच चित्र घ्यायला गिऱ्हाईक होते. हे तिला चांगले कळत होते. अमेरिकेत हार्टफर्ड येथे असलेल्या चित्रात हाच चेहरा वीणेसारखे ल्यूट वाजवतो. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात तिची आणखी एक कॅथरीन आहे. तिचे क्ष-किरणांनी परीक्षण झाले तेव्हा वरच्या रंगाखाली लंडनच्या चित्राशी जुळणारी, डोक्याला वस्त्र गुंडाळलेली आकृती दिसली. म्हणजे एकच बांधणी हाताशी ठेवून ती गरजेप्रमाणे बदल करत होती. चांगला कारागीर असेच करतो.

पण याच तुलनेतून एक गोष्ट उठून दिसते. उफिझीतल्या कॅथरीनच्या डोक्यावर रत्नजडित मुकुट आहे आणि तिचे डोळे आकाशाकडे लागले आहेत. तिथे ती देवाशी बोलते. लंडनच्या चित्रात मात्र ती माणसांशी बोलते. एकीला भाविक हवा, दुसरीला साक्ष ऐकून घेणारा. बाजार कळणारी बाई आणि दोऱ्यांखाली शब्द न सोडणारी मुलगी या दोन वेगळ्या व्यक्ती नव्हत्या. एकाच बाईने चित्र विकलेही आणि त्यात आपले म्हणणेही मांडले. त्यासाठी तिला आपले दुःख उघडे करावे लागले नाही, हे या चित्राचे मोठेपण.

तिचे पुढचे आयुष्य दीर्घ झाले. रोम, व्हेनिस, नेपल्स, मध्ये काही काळ लंडन. १६४९ साली, छप्पन्न वर्षांची असताना, तिने सिसिलीतल्या एका सरदार गिऱ्हाइकाला लिहिले की बाई काय करू शकते ते मी आपल्याला दाखवीन. १६५० च्या दशकात नेपल्समध्ये तिचा मागमूस संपतो. त्यानंतर जग तिला विसरले. तिची कित्येक चित्रे वडिलांच्या नावावर जमा झाली. १९१६ मध्ये रोबेर्तो लोंगी या इटालियन अभ्यासकाने बापलेकीवर निबंध लिहिला, १९४७ मध्ये आन्ना बांती हिने तिच्यावर कादंबरी लिहिली आणि १९७० नंतर स्त्री-अभ्यासकांनी तिला खऱ्या अर्थाने उजेडात आणले. आपले हे चित्र तर फ्रान्समधल्या एका घराच्या भिंतीवर होते. डिसेंबर २०१७ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते आले तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला.

या कॅथरीनचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. २५ नोव्हेंबर हा तिचा सण. १५१० साली त्याच दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि विजयाचे श्रेय तिला दिले. जुन्या गोव्यातले भव्य से कॅथेड्रल तिलाच वाहिलेले आहे. सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर तिच्या जीवनातले आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत. आजही प्रवासी मान वर करून ते पाहतात. आता यातला विरोधाभास पाहा. बादशहाला वादात हरवणारी, सत्तेपुढे न झुकणारी ही मुलगी इथे आली ती सत्तेच्या झेंड्याबरोबर. आणि तिच्या या मंदिराच्या हाकेच्या अंतरावर, पूर्वीच्या आदिलशाही वाड्यात, १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. मधली थोडी वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. तिथेही कबुली काढायला यातनांचा मार्ग होता. वेदीवर मोडलेले चाक आणि शेजारच्या इमारतीत चालू असलेले चाक, अशी ही दोन शतके. संतांच्या प्रतिमा कुणाच्या ताब्यात आहेत त्यावर त्यांचा अर्थ फिरतो. मोडके चाक अल्बुकेर्कच्या हाती विजयाची निशाणी होते. आर्तेमिसियाच्या हाती ते साक्षीची निशाणी झाले.

वेदनेतून गाळलेली साक्षच खरी, ही समजूत मात्र दोऱ्यांबरोबर गेली नाही. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली ‘मथुरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तेव्हा तिने विरोध केलाच नसावा, असा तर्क त्यात होता. म्हणजे शब्द पुरेसा नाही, शरीराने साक्ष द्यायला हवी. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही पीडितेच्या शरीराची बोटांनी करायची ती अपमानकारक चाचणी थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही पुन्हा बजावून सांगावे लागले. १६१२ च्या रोममधल्या सुइणी आणि कारकून आपल्या फार दूरचे नाहीत.

म्हणून त्या तुरुंगातल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या बायकांना या चित्राची ओळख करून द्यायला कलेचा इतिहास शिकवावा लागत नाही. कुणी एकदा तरी, मी सांगते ते खरे आहे, असे म्हटले असेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत अविश्वास पाहिला असेल, तर पुरे आहे. अशा बाईला संताच्या प्रभावळीचे फारसे कौतुक वाटणार नाही. तिची नजर आपोआप त्या डाव्या हाताकडे जाईल.

आर्तेमिसियाने ते चाक जोडलेले, फिरते दाखवले नाही आणि चित्राबाहेरही टाकले नाही. मोडलेले का होईना, ते तिथे आहे, कारण जे घडले ते घडलेच नाही असे म्हणायची तिची तयारी नाही. खिळे अजून टोकदार आहेत. पण हात शाबूत आहे, बोटे शाबूत आहेत आणि त्याच बोटांनी हे चित्र काढले आहे. न्यायालयाने दोऱ्या लावून जी साक्ष घेतली ती दप्तरात बंद होऊन पडली. ही दुसरी साक्ष तिने आपल्या मर्जीने दिली, रंगात, तेलात, स्वतःच्या चेहऱ्याने. चारशे वर्षे झाली, ती आपल्याकडे पाहते आहे. ऐकून घ्यायचे काम आपले आहे.